श्यामची आई लिहिणारे साने गुरुजी

साने गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड या गावी झाला. पालगड हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे. म्हणजे आपला घाट उतरून खाली कोकणात. गावाजवळ किल्ला आहे, त्याचेही नाव पालगडच. आपल्या भाज्याच्या डोक्यावर जसे लोहगड आणि विसापूर, तसा त्यांच्या गावाला तो. त्यांच्या वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव यशोदाबाई. पांडुरंग हे विठोबाचे नाव आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्यांचे घराणे खोताचे होते. खोत म्हणजे काय ते मला माहीत नव्हते, म्हणून मी बाईंना विचारले. पूर्वी कोकणात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचे काम खोताकडे असे. आजोबांच्या वेळी घर चांगले श्रीमंत होते. पण वडिलांच्या वेळेस वाटण्या झाल्या, कर्ज झाले, आणि घरात गरिबी आली. म्हणजे नाव खोताचे पण खायला मोजके. अशा घरात आईची फार ओढाताण होते, हे आपल्या गावातल्या बायांना सांगायला नको.

गुरुजींची आई शाळा शिकून मोठी झालेली नव्हती. पण पोराला कसे वाढवायचे ते तिला पक्के माहीत होते. ते सगळे गुरुजींनी पुढे 'श्यामची आई' या पुस्तकात लिहिले. त्यातला श्याम म्हणजे गुरुजी स्वतःच. त्यातल्या तीन गोष्टी मी इथे माझ्या शब्दात सांगते, कारण त्याशिवाय गुरुजी कळायचे नाहीत.

एकदा श्यामची अंघोळ झाली. त्याचे पाय ओले होते. त्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो हट्ट करून बसला. आईने दगडावर आपले लुगडे पसरले आणि त्याला त्याच्यावर पाय ठेवू दिले. मग हळूच त्याला समजावले की पायाला घाण लागू नये म्हणून एवढा जपतोस, तसाच मनाला लागू नये म्हणूनही जप. आमच्या वर्गात ही गोष्ट वाचली तेव्हा एकजण म्हणाला, आमची आई लुगडं पसरणार नाही, पाठीत धपाटा घालील. सगळी पोरं हसली. पण श्यामची आईसुद्धा मारायची बरं का!

दुसरी गोष्ट तीच आहे. श्याम पोहायला भ्यायचा. बाकीची पोरं विहिरीत उड्या मारायची आणि हा घरात लपून बसायचा. तर आईने त्याला बाहेर काढले आणि चांगला चोप दिला. माझा मुलगा भित्रा आहे असे कोणी म्हणू नये, असे तिला वाटत होते. श्याम रडत रडत विहिरीवर गेला, पोहला, आणि त्याची भीती गेली. मला ही गोष्ट फार आवडते. कारण बाकीच्या पुस्तकांतल्या आया नुसत्या गोड गोड बोलतात.

तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. एक म्हातारी बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. तिची मोळी खाली पडली. ती उचलून डोक्यावर द्यायला कोणी पुढे होईना. कारण त्या काळी तिला अस्पृश्य मानत, म्हणजे तिला शिवायचे नाही. आईने श्यामला सांगितले की जा, तिला हात दे. आणि नंतर घरी येऊन अंघोळ कर. आता हे वाचून मी विचारात पडले. मदत करायला सांगितली ते चांगले, पण अंघोळ का करायची? बाई म्हणाल्या, त्या काळात त्या बाईने एवढे केले हेसुद्धा पुष्कळ होते. आईने एक पाऊल टाकले आणि पुढचे पाऊल तिच्या मुलाने टाकले. ते कसे टाकले ते पुढे येईल.

गावातली शाळा झाल्यावर गुरुजी दापोलीला मिशनच्या शाळेत गेले. तिथून सुट्टीला पालगडला चालत यायचे. कोकणातला पाऊस म्हणजे आपल्या इथल्यासारखाच, आठ आठ दिवस सूर्य दिसायचा नाही. खाऊचे पैसे न खाता साठवून त्यांनी धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतला आणि पावसातून चालत घरी नेला. पुढे घरची परिस्थिती फारच खालावली. फी भरायला पैसे नाहीत. म्हणून ते सातारा भागातल्या औंध संस्थानात शिकायला गेले. तिथे हाताने स्वयंपाक करायचा, कधी उपाशी राहायचे, असे दिवस काढले. औंधला प्लेगची साथ आली म्हणून तेही सोडावे लागले. मग पुण्याला नूतन मराठी विद्यालयात आले. असा एक मुलगा तीन ठिकाणी फिरून शिकला.

१९१७ साली त्यांची आई वारली. गुरुजी तेव्हा जवळ नव्हते. शेवटची भेट झाली नाही. ते तेव्हा सतरा वर्षांचे होते. माझ्या मते त्यांची सगळी पुस्तके इथूनच सुरू झाली, जरी ती लिहायला पुढे पुष्कळ वर्षे गेली.

१९१८ साली ते मॅट्रिक झाले. नंतर पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात शिकून बी.ए. झाले आणि एम.ए.ही झाले. मग ते खानदेशात अमळनेरला गेले. तिथे आधी तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास केला आणि १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. इथे ते खरे 'गुरुजी' झाले. आपल्याकडे शाळेत शिकवणाऱ्याला गुरुजी म्हणतात, पण साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना गुरुजी म्हटले त्यांनी शाळेत फक्त सहा वर्षे शिकवले. मला हे वाचून आश्चर्य वाटले. मला वाटले होते तीस-चाळीस वर्षे तरी शिकवले असेल!

शाळेच्या छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे होते. छात्रालय म्हणजे बोर्डिंग. खेड्यापाड्यातली मुले तिथे राहायची. काहींना आई नव्हती. काहींना घर आठवून रडू यायचे. गुरुजी मुलांना ओरडत नसत. कोणी अंथरूण तसेच टाकून गेला तर ते स्वतः घडी करून ठेवायचे. कोणी कपडे भिजत टाकून विसरला तर धुऊन टाकायचे. कंदिलाची काच काळी झाली तर पुसून ठेवायचे. मुलगा परत येऊन बघतो तर काम झालेले. मग त्याला लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी तो आधीच उठून करायचा. आजारी मुलाजवळ ते बसून राहायचे. आईने जसे त्यांना वाढवले तसे त्यांनी त्या मुलांना वाढवले.

आणि आता सगळ्यात मजेची गोष्ट. गुरुजी छात्रालयात एक दैनिक काढायचे. त्याचे नाव 'छात्रालय दैनिक'. ते छापलेले नसे. गुरुजी स्वतः हाताने लिहायचे, आणि मुले येता-जाता उभी राहून वाचायची. म्हणजे आत्ता तुम्ही भिंतीपाशी उभे राहून हे वाचताय ना, अगदी तसेच! आपले भित्तिपत्रक महिन्यातून एकदा लागते आणि तेवढ्यातच आमचे हात दुखतात. खडू, गोंद, रंगीत कागद, शुद्धलेखन, सगळी पळापळ. गुरुजी रोज लिहायचे. त्यात गोष्टी असत, मोठ्या माणसांची चरित्रे असत, देशातल्या बातम्या असत, छात्रालयातल्या बारीकसारीक गोष्टीही असत. नंतर त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले. गुरुजींना मुलांसाठी लिहायची सवय लागली ती या दैनिकामुळे, असे मला वाटते. कारण समोर वाचणारी मुले उभी असली की अवघड लिहून चालत नाही. ती निघून जातात.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींनी शाळेतली नोकरी सोडली आणि ते चळवळीत गेले. त्यांना शिक्षा झाली. आधी धुळ्याच्या तुरुंगात ठेवले, मग लांब तमिळनाडूत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठवले. तिथे निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे कैदी होते. गुरुजी त्यांच्याकडून त्यांच्या भाषा शिकायला बसले. आपण एकाच देशाचे असून एकमेकांची भाषा आपल्याला येत नाही, याचे त्यांना वाईट वाटले. पुढे त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. म्हणजे एका प्रांतातल्या माणसांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी, गोष्टी शिकायच्या.

१९३२ साली पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात. तिथे विनोबा भावे होते. विनोबा दर रविवारी कैद्यांना गीतेवर प्रवचन द्यायचे. गुरुजी समोर बसून भरभर लिहून घ्यायचे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातूनच झाले. बोलले विनोबा, पण गुरुजींनी लिहून घेतले नसते तर ते हवेत गेले असते.

मग नाशिकचा तुरुंग. फेब्रुवारी १९३३. दिवसा कैद्याचे काम करायचे आणि रात्री व पहाटे लिहायचे. ९ तारखेला गुरुजींनी लिहायला घेतले आणि १३ तारखेला सकाळपर्यंत 'श्यामची आई' लिहून होत आली. पाच दिवसांत! आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत दोन पानांचा निबंध होत नाही. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. पण सगळे जसेच्या तसे त्यांच्या डोक्यात होते. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचे. या पुस्तकातल्या धड्यांना धडा म्हणत नाहीत, 'रात्र' म्हणतात. पहिली रात्र, दुसरी रात्र असे. कारण श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एक गोष्ट सांगतो. पुस्तक १९३५ साली छापून निघाले. अजूनही निघते.

आमच्या घरी हे पुस्तक मी मोठ्याने वाचते. आजीला वाचता येत नाही. ती चुलीपुढे बसून ऐकते. मध्येच म्हणते, थांब पोरी, आणि पदर डोळ्याला लावते. मी म्हणते, अगं आजी, ही जुनी गोष्ट आहे. तर ती म्हणते, आईची गोष्ट कुठं जुनी होते का! पुस्तकात रडू फार येते, अशी काही जणांची तक्रार आहे. आमच्या वर्गातल्या मुलांचीही आहे. त्यात थोडे खरे आहे. पण पोहण्याची गोष्ट वाचा म्हणावं.

गुरुजींनी यानंतर खूप लिहिले. 'श्याम', 'धडपडणारी मुले', 'गोड गोष्टी', 'भारतीय संस्कृती' अशी कितीतरी पुस्तके. मोठ्यांसाठी कादंबऱ्या आणि मुलांसाठी गोष्टी. पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली, त्यांचेही 'सुंदर पत्रे' हे पुस्तक झाले. कविता लिहिल्या. शाळेशाळांतून म्हटली जाणारी, खऱ्या धर्माची प्रार्थना त्यांचीच आहे. खूपसे लिखाण त्यांनी तुरुंगात केले. बाहेर आले की ते लोकांच्या कामात बुडून जायचे. १९३६ साली खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात झालेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९४२ च्या चळवळीतही ते होते आणि पुन्हा तुरुंगात गेले.

आता ती राहिलेली गोष्ट. आपल्या मावळातून दरवर्षी माणसे वारीला जातात. माझे आजोबाही जातात. पंढरपूरच्या देवळात महाद्वाराजवळ नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर, देवळाच्या बाहेर, संत चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबा विठोबाचे एवढे मोठे भक्त, पण ते अस्पृश्य मानले गेले, म्हणून त्यांना देवळात जाऊ दिले नाही. ही शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट. पण १९४७ सालीसुद्धा तसेच होते. अस्पृश्य मानलेले वारकरी उन्हापावसातून चालत चालत पंढरपूरला यायचे आणि बाहेरून कळसाला हात जोडून परत फिरायचे. एवढे चालून जाऊन आत जायचे नाही, याचा विचार केला तर पोटात कसेतरी होते.

गुरुजी म्हणाले की हे दार सर्वांना उघडले पाहिजे. आधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले. गावोगाव सभा घेतल्या. सेवादलाची मुले गाणी म्हणत त्यांच्याबरोबर असायची. पुष्कळ गावांनी आपली देवळे आणि पाणवठे सगळ्यांना मोकळे केले. पण पंढरपूरचे दार काही उघडेना. मग १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. दार उघडेपर्यंत जेवायचे नाही. काही लोक त्यांच्या विरुद्ध होते. त्यांना नावे ठेवत होते. आणि खुद्द गांधीजींनाही हे उपोषण पसंत नव्हते, त्यांनी ते सोडावे असे कळवले. गुरुजी तर गांधीजींना फार मानायचे. त्यांच्यासाठी नोकरी सोडली, तुरुंगात गेले. आता काय करायचे? मला वाटते गुरुजींच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस तो असेल. पण त्यांनी उपोषण सोडले नाही. दिवसादिवसाने ते अशक्त होत गेले. दहाव्या दिवशी, १० मे १९४७ ला, मंदिर सर्वांसाठी उघडायचे कबूल झाले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. पांडुरंग नावाच्या माणसाने पांडुरंगाचे दार उघडायला लावले.

मी गेल्या वर्षी आजोबांबरोबर पंढरपूरला गेले होते. रांग खूप मोठी होती. आमच्या पुढे कोण, मागे कोण, कोणत्या जातीचे, कोणी कोणाला विचारत नव्हते. पुढच्या काकूंनी मला राजगिऱ्याचा लाडू दिला. आजोबांनी चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवले आणि मलाही टेकवायला लावले. साने गुरुजींचे उपोषण तेव्हा मला माहीत नव्हते. माहीत असते तर मी आजोबांना तो मठ दाखवा म्हटले असते.

तीन महिन्यांनी स्वातंत्र्य मिळाले. पण ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. गुरुजींना फार धक्का बसला. त्यांनी एकवीस दिवस उपोषण केले. मग १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' नावाचे साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्याहून निघते. पण गुरुजींना त्यात दोनच वर्षे लिहिता आले. देशात जे चालले होते ते पाहून त्यांचे मन फार दुखावले होते. ११ जून १९५० रोजी ते गेले. वय फक्त पन्नास. त्यांनी लग्न केले नव्हते, पैसे साठवले नव्हते.

ते गेल्यावर तीन वर्षांनी, १९५३ साली, आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' हा चित्रपट काढला. त्यात आईचे काम वनमाला यांनी केले आणि श्यामचे काम माधव वझे यांनी. भारत सरकारने पहिल्यांदाच चित्रपटांना बक्षिसे दिली तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. हिंदी, बंगाली, तमिळ सगळ्यांना मागे टाकून! गुरुजींना हे बघायला मिळाले नाही, आणि यशोदाबाईंना तर काहीच बघायला मिळाले नाही, मुलाचे एक पुस्तकसुद्धा नाही. पालगडला त्यांचे घर जपून ठेवलेले आहे. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर इथे त्यांचे स्मारक आहे. तिथे मुलांची शिबिरे होतात. आपल्या शाळेची सहल तिकडे न्यावी असे आम्ही चौथीच्या मुलामुलींनी ठरवले आहे, फक्त अजून बाईंना सांगितलेले नाही. हे वाचून त्यांना कळेलच.

आपल्या शाळेच्या पुस्तकांच्या पेटीत 'श्यामची आई'च्या दोन प्रती आहेत. एकीची पाने सुटली आहेत, ती मी आणि माझ्या मैत्रिणीने सुईदोऱ्याने शिवली आहेत, म्हणून जपून उघडा. 'गोड गोष्टी'चा एकच भाग आहे. 'सुंदर पत्रे' मात्र पेटीत नाही. आलेल्या पालकांपैकी कोणाच्या घरी ते असेल तर आठ दिवसांसाठी वर्गाला वाचायला द्यावे. कव्हर घालून परत करू.